दाढेसाठी भूल: किती, कुठे आणि कोणाच्या नजरेखाली

अमरावती-अकोल्याकडचा माणूस दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर टेकला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘‘दुखन तं नाही ना, डॉक्टर?’’ उत्तरही ठरलेलं. सुई टोचेल तेवढीच, मग काही कळायचं नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते खरं ठरतं, म्हणूनच या उत्तरावर दातांचे दवाखाने चालतात. पण सुई पाहूनच ज्याला दरदरून घाम फुटतो, आरसा जिभेला लागताच ज्याला उबळ येते, सेरेब्रल पाल्सीमुळे ज्याची मान स्थिर राहत नाही किंवा चार वर्षांचं जे पोर तोंडच उघडायला तयार नसतं, त्यांना या उत्तराचा काही उपयोग नाही. अशांना आपल्याकडे दोनच वाटा सांगितल्या जातात. हिंमत धरा, नाहीतर मोठ्या हॉस्पिटलात जाऊन पूर्ण भूल घ्या. या दोहोंच्या मध्ये वैद्यकाने गेल्या पावणेदोनशे वर्षांत बऱ्याच पायऱ्या बांधून ठेवल्या आहेत. त्या मधल्या पायऱ्या ही मुंबई-पुण्याची चैन नाही, वऱ्हाडात त्यांची गरज उलट जास्त आहे, असं माझं म्हणणं आहे. मात्र कोणती पायरी कुठे वापरायची हे औषधाच्या नावावरून ठरवता येत नाही. पेशंटचा श्वास कोण बघतंय, यावरून ते ठरतं.

आधी भीतीचं बघू. दाताची भीती म्हणजे भित्रेपणा, असं आपण सहज म्हणून जातो. पण तिचा परिणाम थेट औषधाच्या कामावर होतो. दातांसाठी बधिरतेचं जे इंजेक्शन देतात त्यात बहुधा लिग्नोकेन असतं. स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी ते 1943 मध्ये तयार केलं आणि 1948 पासून ते बाजारात आहे. हे औषध नसेच्या आत शिरतं ते त्याच्या विद्युतभार नसलेल्या रूपात. निरोगी हिरडीत टोचलेल्या औषधापैकी साधारण पाव भाग या रूपात असतो. जिथे पू झालाय, सूज आहे, तिथली आम्लता वाढलेली असते आणि हा पाव भाग आणखी घटतो. शिवाय सुजेमुळे तिथला रक्तप्रवाह वाढलेला असल्याने औषध लवकर वाहूनही जातं. म्हणजे जो माणूस भीतीपोटी सहा महिने लवंग आणि पेनकिलरवर काढतो आणि गाल सुजल्यावरच दवाखान्याची पायरी चढतो, त्याला इंजेक्शन खरोखरच कमी लागू पडतं. ‘‘मला इंजेक्शन चढतच नाही’’ अशी त्याची तक्रार असते, ती खोटी नसते. मग दुखतं, भीती पक्की होते, पुढची दाढ आणखी उशिरा दाखवली जाते. भीतीने उशीर, उशिराने पू, पुवामुळे वेदना आणि वेदनेने पुन्हा भीती, हे चक्र सुरुवातीलाच तोडण्याचं साधन म्हणून सेडेशनकडे, म्हणजे गुंगीकडे, पाहायला हवं.

यावर पहिला आक्षेप घरातल्या मोठ्यांचा असतो. आमच्या वेळी पकडीने दाढ उपटायचे, कोणी मेलं नाही. मेलं नाही हे खरं. पण त्या पिढीतल्या किती जणांनी पन्नाशीत कवळी बसवली आणि किती जणांनी त्या एका अनुभवानंतर दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही, हा हिशेब त्या वाक्यात येत नाही. दुसरं असं, की पूर्वी दातांचा उपचार म्हणजे दात काढणं, दोन मिनिटांचं काम. आता दात वाचवायचा तर रूट कॅनालसाठी पाऊण-एक तास तोंड उघडं ठेवून पडून राहावं लागतं, तेही कधी दोन-तीन बैठकांत. दोन मिनिटं दात-ओठ खाऊन सोसता येतात, पाऊण तास नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर ‘बापाने हात धरा, आईने डोकं धरा’ हा उपाय अजूनही सर्रास केला जातो. अमेरिकेच्या बालदंतवैद्यक संघटनेने मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याची पद्धत 2006 मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. आपल्याकडे कागदावर काहीही असो, खुर्चीवर घट्ट धरून ठेवलेलं पोर पुढची वीस वर्षं काय लक्षात ठेवणार, याचा विचार त्या क्षणी कोणी करत नाही.

सगळ्यांना औषधच लागतं असंही नाही. दंतवैद्य अॅडलस्टन यांनी 1959 मध्ये मांडलेली ‘सांगा, दाखवा, मग करा’ ही रीत आजही बालदंतवैद्यकाचा पाया आहे. आधी सोप्या शब्दांत सांगायचं, मग ते यंत्र मुलाच्या नखावर फिरवून दाखवायचं आणि मगच दाताला लावायचं. सुई टोचण्याआधी जेल लावणं, औषध सावकाश सोडणं, खालच्या जबड्याच्या इंजेक्शननंतर ओठ जड होईपर्यंत थांबणं, एवढ्याने बरीच भीती ओसरते. बाहेर बाकांवर वीस पेशंट बसलेले असतात तेव्हा नेमकी हीच थांबायची पाच-दहा मिनिटं कापली जातात, हे आपल्या ओपीड्यांचं दुखणं आहे. जे काम संयमाने होतं त्यासाठी गुंगी देणं हा आळस आहे, असं मी म्हणेन. पण संयमालाही सीमा असते, आणि पुढची पायरी तिथून सुरू होते.

ती पायरी गॅसची. नायट्रस ऑक्साइड, बोलीभाषेत ‘हसवणारा वायू’. याचा इतिहास दंतवैद्यांनीच घडवला आहे. 10 डिसेंबर 1844 ला अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी गार्डनर कोल्टन नावाच्या गृहस्थाने या वायूचा गमतीचा जाहीर प्रयोग केला. वायू हुंगलेल्या एका तरुणाच्या पायाला जखम झाली आणि त्याला ते कळलंच नाही. प्रेक्षकांत बसलेले दंतवैद्य होरेस वेल्स यांनी ते नेमकं हेरलं आणि दुसऱ्याच दिवशी हा वायू घेऊन स्वतःची दाढ सहकाऱ्याकडून काढून घेतली. पुढे जानेवारी 1845 मध्ये बोस्टनला डॉक्टरांसमोर करून दाखवताना पेशंट ओरडला आणि वेल्स यांची टर उडवली गेली. त्यांचेच जुने भागीदार, दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी 16 ऑक्टोबर 1846 ला ईथर वापरून भूल सिद्ध केली आणि वायू काही काळ मागे पडला. बोस्टनच्या फजितीचं खरं कारण या वायूच्या स्वभावात आहे. साध्या हवेच्या दाबाला माणसाला पूर्ण बेशुद्ध करायला तो शंभर टक्क्यांहून अधिक लागेल, म्हणजे ते शक्यच नाही. त्या काळी तो निव्वळ, ऑक्सिजन न मिसळता देत, त्यामुळे येणारी बेशुद्धी काही अंशी गुदमरण्याचीच असे. वायूची तीच दुर्बलता आज त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. पुरेसा ऑक्सिजन मिसळून दिला, तर एकट्या नायट्रसने माणूस पूर्ण भुलीत जाणं जवळपास अशक्य.

प्रत्यक्षात हे असं चालतं. नाकावर छोटा मऊ मास्क बसवतात; तोंड डॉक्टरांसाठी मोकळं राहतं. आधी काही मिनिटं निव्वळ ऑक्सिजन, मग नायट्रस थोडं थोडं वाढवत नेतात, बहुतेकांना तीस ते पन्नास टक्क्यांत काम भागतं. हातापायांच्या बोटांत मुंग्या येतात, अंग ऊबदार आणि हलकं वाटतं, खोलीतले आवाज जरा लांबून येतात. पेशंट जागा असतो, ‘‘तोंड उघडा’’ म्हटलं की उघडतो. यंत्राची रचनाच अशी असते, की ऑक्सिजन तीस टक्क्यांच्या खाली जाऊ शकत नाही आणि ऑक्सिजन संपला तर नायट्रस आपोआप बंद होतो. आपल्याकडे नायट्रसचा सिलिंडर निळा असतो, ऑक्सिजनचा काळा आणि पांढऱ्या गळ्याचा. दोन्हींच्या जोडणीच्या खिळ्यांच्या जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात, म्हणजे घाईगर्दीतही एकाच्या जागी दुसरा बसू नये. काम झालं की पुन्हा काही मिनिटं निव्वळ ऑक्सिजन देतात, कारण शरीरातून झपाट्याने बाहेर पडणारा नायट्रस फुप्फुसांतल्या ऑक्सिजनची जागा घेतो. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: हा वायू दात बधिर करत नाही. सुई लागतेच. फक्त ती टोचून घ्यायला माणूस तयार होतो.

इथे जाणकार वाचक आडवा येईल आणि त्याने यावंही. मुलांच्या दंतोपचारातल्या गुंगीचा, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पन्नास चाचण्या आणि 3704 मुलं होती. त्यातून बऱ्यापैकी खात्रीने निघालं ते एवढंच, की तोंडाने दिलेलं मिडॅझोलाम उपयोगी पडतं. नायट्रसबद्दलचा पुरावा कमकुवत ठरला. मग गॅसचा एवढा आग्रह का? पुरावा कमकुवत म्हणजे औषध निकामी, असं होत नाही. चाचण्या लहान होत्या, मोजमाप वेगवेगळं होतं, एवढाच त्याचा अर्थ. पण माझं मुख्य उत्तर निराळं आहे. परिणाम किती होतो याबरोबरच चूक झाली तर माणूस परत किती सहज आणता येतो, हाही निवडीचा निकष हवा. गॅस बंद केला की काही मिनिटांत परिणाम उतरतो. गोळी पोटात गेली की ती माघारी बोलवता येत नाही. जिथे भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर नाही तिथे हा फरक सगळ्यात मोठा आहे.

गॅसलाही पथ्यं आहेत. नाक चोंदलेलं असेल, टॉन्सिल-अॅडेनॉइडमुळे मूल तोंडानेच श्वास घेत असेल तर गॅस जाणारच नाही. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो टाळतात. तो शरीरातलं ब-12 जीवनसत्त्व निकामी करतो. सुदृढ माणसाला एकदा अर्धा तास घेतल्याने काही होत नाही, पण ज्याचं ब-12 आधीच तळाला गेलंय त्याने सांगायला हवं. पक्के शाकाहारी, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही, हातापायांना मुंग्या येणारे, असे लोक आपल्याकडे कमी नाहीत. डॉक्टर आणि त्यांच्या मदतनीस मुलींचाही प्रश्न आहे. अमेरिकेत 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वायू शोषून बाहेर सोडण्याची सोय नसलेल्या दवाखान्यांत आठवड्याला पाच तास किंवा जास्त या वायूच्या संपर्कात येणाऱ्या मदतनीस स्त्रियांना दिवस राहायला लक्षणीय उशीर होताना दिसला. म्हणून शोषणनळी नसलेलं यंत्र स्वस्तात मिळालं तरी ते घेऊ नये.

आता गोळी, सिरप आणि शिरेतलं इंजेक्शन. यात मिडॅझोलाम सर्वाधिक वापरलं जातं. भीती कमी होते आणि त्या वेळची आठवणही पुसट होते, हा त्याचा गुण. मुलांना ते गोड सिरपात मिसळून देतात, कारण मूळ चव कडू असते. अर्ध्या तासात डोळे जड होतात. काही मुलं मात्र उलटीच वागतात: रडतात, चिडतात, कोणाला जवळ येऊ देत नाहीत. मोठ्यांना शिरेतून थोडं देऊन, थांबून, पाहून मग पुढचं दिलं तर मात्रा नेमकी बसते. उतारा म्हणून फ्लुमाझेनिल हाताशी ठेवतात. पण उताऱ्याचा परिणाम मूळ औषधाआधी संपू शकतो आणि सावरलेला पेशंट पुन्हा गुंगीत जाऊ शकतो, म्हणून ‘उतारा दिला, आता जा’ असं म्हणता येत नाही. रोज दारू घेणाऱ्याने ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. बायको आणि सासरा शेजारी उभे असताना हा प्रश्न विचारला तर खरं उत्तर मिळणार नाही, एवढं भान विचारणाऱ्यालाही हवं.

‘घरूनच झोपेची गोळी देऊन घेऊन या’ हा सल्ला सर्वांत धोक्याचा आहे. भूलतज्ज्ञ चार्ल्स कोटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये मुलांच्या गुंगीतल्या दुर्घटनांची छाननी केली, तेव्हा घरी दिलेलं औषध, वेळेआधी घरी सोडणं आणि तीन-तीन औषधं एकत्र देणं ही कारणं पुन्हा पुन्हा दिसली. काही मुलांचा श्वास दवाखान्यात पोचण्याआधी, वाटेतच, गाडीत थांबला होता. आता दर्यापूरहून किंवा मूर्तिजापूरहून एसटीने येणारी आई डोळ्यांसमोर आणा. मांडीवर गुंगीतलं मूल, मान छातीवर पडलेली. तसं मान पडणं म्हणजेच श्वासनलिका मुडपणं. परतीचाही प्रश्न असतो. गुंगी घेतलेल्या मोठ्या माणसाला मोटरसायकलवर मागे बसवून नेऊ नये. धरायची शुद्ध त्याला असेलच याची खात्री नाही. गॅसवाला पेशंट थोड्या वेळात चालत बसस्टँडवर जाऊ शकतो. मिडॅझोलामवाल्याला सोबतीला जबाबदार माणूस आणि बंद गाडी लागते आणि त्या दिवशी ना वाहन चालवायचं, ना शेतातली मोटर सुरू करायची, ना कुठल्या कागदावर सही करायची.

उपाशी राहण्याबद्दलही घोटाळा आहे. नुसत्या बधिरतेच्या इंजेक्शनसाठी जेवूनच यावं. दातांच्या खुर्चीवर सर्वाधिक घडणारी आणीबाणी म्हणजे भोवळ आणि रिकाम्या पोटी ती लवकर येते. गुंगीसाठी मात्र पोट रिकामं हवं, कारण उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. नियम सोपा आहे: हलकं जेवण आणि दूध सहा तास आधी, आईचं दूध चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आपल्याकडे तो ताणून ‘रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको’ असा केला जातो. अकोल्याच्या मे महिन्यात, जिथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, सहा वर्षांच्या पोराला सकाळी अकरापर्यंत पाण्याविना ठेवणं हा निव्वळ अत्याचार आहे. साखरपाणी किंवा चोथा गाळलेलं लिंबूपाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. ताक चालत नाही, त्याची गणना दुधात.

धारणी-चिखलदऱ्याकडच्या मुलांसाठी हे आणखी महत्त्वाचं. मेळघाटातल्या आदिवासींमध्ये आणि विदर्भातल्या इतरही काही समाजांत सिकलसेल आढळतो. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. या आजारात अंगातलं पाणी कमी झालं किंवा ऑक्सिजन खाली गेला, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवतात. श्वास मंदावणारी गुंगी आणि जोडीला लांबलेला उपास म्हणजे संकटाला आमंत्रण. म्हणून गुंगीआधीच्या प्रश्नांत इथे दमा, हृदयविकार, मधुमेह यांच्या बरोबरीने ‘सिकलसेलची तपासणी झाली आहे का’ हा प्रश्न असायलाच हवा. पुण्या-मुंबईच्या छापील फॉर्मात तो बहुधा नसतो, आणि तोच फॉर्म आपल्याकडे झेरॉक्स करून वापरला जातो.

आता मूळ मुद्दा, श्वास कोण बघतंय. भूलशास्त्र गुंगीच्या चार पातळ्या मानतं. पहिलीत माणूस नेहमीसारखा बोलतो. दुसरीत हाक मारली किंवा हळूच हात लावला की प्रतिसाद देतो. तिसरीत, म्हणजे खोल गुंगीत, पुन्हा पुन्हा हलवावं लागतं आणि श्वासाला मदत लागू शकते. चौथी पूर्ण भूल. या चारींमध्ये कुंपण नाही. दुसरीत ठेवायला म्हणून दिलेलं औषध एखाद्याला अलगद तिसरीत नेतं. म्हणून नियम असा, की डॉक्टरला जी पातळी गाठायची असेल, तिच्यापुढच्या एका पातळीतून पेशंटला परत आणण्याची तयारी आणि शिक्षण त्याच्याकडे हवं. दातांच्या कामात तर श्वासाची वाट आणि कामाची जागा एकच असते. ड्रिलचं पाणी, रक्त, कापसाचा बोळा, सगळं घशाच्या तोंडाशी. आणि खालची दाढ काढताना हनुवटीवर येणारा जोर जबडा मागे ढकलतो तो नेमका श्वासावरच. जो माणूस या कामात गुंतला आहे त्याने एकाच वेळी छातीची हालचालही बघायची, हे होणं नाही.

अमेरिकेतल्या दंतोपचारातले बालमृत्यू वृत्तपत्रांतून गोळा करून 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 1980 ते 2011 या काळातल्या 44 मृत्यूंपैकी 21 मुलं दोन ते पाच वर्षांची होती आणि 25 प्रकरणांत गुंगी किंवा भूल देणारा स्वतः दंतवैद्यच होता. वृत्तपत्रांतून गोळा केलेली ही माहिती अपुरी आहे. एकूण किती मुलांना गुंगी दिली गेली हे तिच्यातून कळत नाही. पण दुर्घटना कुठे होतात याची दिशा ती दाखवते. इंग्लंडने यावर कडक उपाय केला: 31 डिसेंबर 2001 नंतर दातांसाठी पूर्ण भूल फक्त हॉस्पिटलातच, तीही अतिदक्षतेची सोय असलेल्या. अमेरिकेच्या बालरोग आणि बालदंतवैद्यक संघटनांनी 2019 मध्ये सुधारलेल्या सूचनांत म्हटलं, की खोल गुंगीसाठी दंतवैद्याशिवाय स्वतंत्र, शिकलेला माणूस केवळ पेशंटकडे बघायला हजर हवा.

‘आम्ही बोटाला ऑक्सिमीटर लावतो की’ हे उत्तर यावर येतं. ऑक्सिमीटर वऱ्हाडाला नवा नाही. 2021 च्या फेब्रुवारीत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अमरावती आणि अचलपूरला सगळ्यांआधी पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हा घरोघरी लोक बोटावर तो लावून 94 की 93 हे बघत बसले होते. पण कोरोनात ऑक्सिजन तासातासाने उतरत होता. गुंगीत श्वास एकदम थांबतो. पेशंटला वरून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास थांबल्यावरही आकडा काही काळ 98 दाखवत राहतो. आकडा घसरतो तेव्हा उशीर झालेला असतो. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ ही गडबड आधी दाखवतो. तो नसेल तर छातीवर स्टेथोस्कोप आणि नजर ठेवणारा माणूस तरी हवा. गुंगी ठरवताना नातेवाइकांनी विचारावं ते एवढंच: दात काढणाऱ्याशिवाय आत कोण असेल, ऑक्सिजन आणि सक्शन चालू स्थितीत आहे का, घरी केव्हा सोडाल आणि कोणत्या खुणा पाहून. या प्रश्नांनी जो डॉक्टर नाराज होईल त्याच्याकडे गुंगी घेऊ नये.

पूर्ण भुलीला काही ठिकाणी पर्याय नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या आठ-दहा दातांना कीड असेल, स्वमग्न मूल कोणाला जवळ येऊ देत नसेल, तर चार बैठकांची ओढाताण करण्यापेक्षा एकदाच भूल देऊन सगळं काम उरकणं शहाणपणाचं. भुलीचा मेंदूवर परिणाम होतो का, हे पालक हमखास विचारतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार भूल देण्याबाबत सावध केलं होतं. 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या चाचणीत मात्र तान्ह्या वयात तासाभराच्या आतली एकच भूल घेतलेली मुलं पाच वर्षांची झाल्यावर बुद्धीत मागे पडलेली दिसली नाहीत. म्हणजे एकदाच, आटोपशीर वेळात, नीट ठरवून घेतलेल्या भुलीला घाबरण्याचं कारण नाही. वर्षातून तीनदा ती घ्यावी लागणं टाळायला हवं.

वऱ्हाडाची खरी अडचण मात्र खर्ऱ्याची आहे. राज्याने 2012 च्या जुलैत गुटख्यावर बंदी घातली, तरी पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू-चुन्याची पुडी पानठेल्यांवरून गेली नाही. सुपारीने तोंडाची आतली त्वचा चामड्यासारखी घट्ट होते आणि तोंड उघडेनासं होतं, मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतात या विकाराचं वर्णन 1953 मध्येच केलं होतं. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. खर्रेवाल्याच्या तोंडात दोन गेली तरी बरं, कधी एकच. अशा माणसाला गुंगी दिली आणि श्वास थांबला, तर श्वासनलिकेत नळी घालायला लागणारं उपकरण तोंडात शिरतच नाही. त्याच्या बाबतीत गल्लीतल्या दवाखान्यात मिडॅझोलामचा एक थेंबही नको. त्याला जागेपणी नाकातून लवचीक दुर्बिणीने नळी घालू शकणारा भूलतज्ज्ञ लागतो. पंचविशी-तिशीतली तरणी पोरं या अवस्थेत येतात, आणि अक्कलदाढ दुखली की औषधाच्या दुकानातून पेनकिलर घेऊन परत खर्रा तोंडात टाकतात.

शेवटचा आक्षेप पैशाचा आणि माणसांचा. साध्या आरोग्य विम्यात अपघाताखेरीज दातांचे उपचार सहसा बसत नाहीत. जे काही लागेल ते खिशातून. दातांचे डॉक्टर म्हणतात, गॅसचं यंत्र घेऊन ठेवलं तर विचारणार कोण? भूलतज्ज्ञ म्हणतात, प्रसूती आणि अपघातांतून उसंत नाही, दाढांसाठी वेळ कुठला? दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण एकीचं उत्तर दुसरीत आहे. अमरावतीत तपोवन-वडाळी रस्त्यावर विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचं दंत महाविद्यालय आहे आणि त्याच शहरात पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय. अकोल्यात जमनालाल गोयनका दंत महाविद्यालय आहे आणि 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. एका बाजूला बालदंतरोगतज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला भूलतज्ज्ञ, मध्ये काही किलोमीटर. दंत महाविद्यालयांनी गॅस चालवायला शिकलेले दंतवैद्य तयार केले, कारण नुसत्या गॅससाठी भूलतज्ज्ञ लागत नाही, आणि आठवड्यातला एक ठरावीक दिवस वैद्यकीय महाविद्यालयाच्या ऑपरेशन थिएटरात दातांच्या पूर्ण भुलीसाठी राखला, तर बहुतेक भित्रे पेशंट भूलतज्ज्ञाच्या यादीत येणारच नाहीत. मग धारणीच्या सिकलसेलवाल्या मुलाला आणि तोंड न उघडणाऱ्या त्या तिशीतल्या पोराला त्या यादीत जागा मिळेल.